मूठ कशाची, ते नंतर कळेल

दामूभाऊंना मी शेवटचं भेटलो तेव्हा ते पलंगावर उशीला टेकून बसले होते आणि त्यांची मुलगी वैशाली मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरून उभी होती. होळीच्या सुमारास बुक केलेला चाकू तयार झाला होता आणि बनवणाऱ्यांनी त्याचा फोटो पाठवला होता. दामूभाऊंनी डोळे गच्च मिटून घेतले. "नको दाखवू माय," ते म्हणाले, "हातात आल्यावर पाहीन." ... वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या वहिनींनी, म्हणजे दामूभाऊंच्या पत्नीनं, पदर तोंडाला लावला. हृदय थकलंय, आता घरीच सांभाळा, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून झालं होतं, आणि पार्सल निघायला अजून अवकाश होता. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. दसरा उलटला आणि एका सकाळी मी स्टुडिओचं शटर वर करत असतानाच वैशालीचा फोन आला. बाबा झोपेतच गेले, म्हणाली.

पवनीच्या बाजारात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आणि रस्त्याच्या या बाजूला माझा फोटो स्टुडिओ. गिऱ्हाईक नसलं की मी तिकडे, नाहीतर ते इकडे, असं आमचं आयुष्य गेलं. कुणाला भजनाचा नाद असतो, कुणाला पत्त्यांचा. दामूभाऊंना घडीच्या चाकूंचा होता. लांब परराज्यातल्या एका गावात जुन्या पद्धतीचे खिशात मावणारे चाकू घडवणारी काही लोहार मंडळी आहेत. वर्षातून एकदा ते एखादा नवा नमुना मोजकाच घडवतात आणि त्याचं बुकिंग आधीच उघडतात. आधी म्हणजे किती आधी? तर पेन्सिलनं काढलेलं एक चित्र तेवढं असतं. मूठ शिंगाची की शिसवीची, पातं बोटाएवढं की त्याहून मोठं, चाकू दिवाळीत मिळणार की संक्रांतीला, काही म्हणजे काही ठरलेलं नसतं. पैसे मात्र आधी. मी बाजारात वांगं घेतानाही चार वेळा फिरवून पाहणारा माणूस, त्यामुळे हा व्यवहार माझ्या डोक्यात कधी शिरला नाही. तरी दरवर्षी बुकिंग मीच करायचो, कारण दामूभाऊंचं बोट मोबाइलवर भलतीकडेच पडायचं. "मूठ कशाची आहे, एवढं तरी विचारू का?" असं मी म्हणालो की ते हात झटकायचे. "नंतर कळन."

एकदा मी फारच टोचून बोललो तेव्हा त्यांनी दुकानातल्या धानाच्या पिशवीवर थाप मारली. "लोकं माया दुकानातून बी नेते, तवा लोंब पाहून नेते का? तूबी नेला ना बाप्पा. मंग मी एक चाकू भरवशावर घेतला त तुले काहून खुपते?" माझं थोडंसं धान आहे आणि त्याचं बी मी त्यांच्याकडूनच न्यायचो. भरवसा दर वेळी फळाला यायचाच असंही नाही. एका वर्षी आलेल्या चाकूची मूठ भडक पोपटी निघाली आणि पातं काही केल्या उघडेना. मी मनातून खूश झालो, म्हटलं आता तरी शहाणे होतील. दामूभाऊंनी त्याला तेल पाजलं, संध्याकाळपर्यंत उघडता केला आणि पुढं कितीतरी दिवस खताची पोती त्याच पोपटानं फोडली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो कौतुकानं दाखवायचे.

दाखवायची रीतही त्यांची पक्की होती. चाकू कधी कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. हातातून हातात धार दिली की माणसांत भांडण लागतं, असं आमच्याकडे मानतात. दामूभाऊ चाकू मिटवून काउंटरवर ठेवायचे, हात मागं घ्यायचे आणि मग म्हणायचे, "उचल." आमचं राजकारणावरून, पाण्यावरून, कुठल्याशा लग्नातल्या जेवणावरून पुष्कळ वाजलं, पण अबोला म्हणावा असा कधी झाला नाही. याचं श्रेय ते त्या काउंटरला द्यायचे. आणि नवा चाकू आला की पहिलं फळ वहिनींसाठी. हंगामात जे असेल ते, पेरू म्हणा, सीताफळ म्हणा. तलावातले शिंगाडे निघाले असले तर शिंगाडाच, कारण वहिनींना तो जीव की प्राण. टोकं उडवायची, हिरवी साल सोलायची आणि पांढरा गर ताटलीत ठेवायचा. वहिनी तो खायच्या आणि वर नावं ठेवायच्या.

नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. दामूभाऊंनी लग्नाला होकार दिला तो मुलगी न पाहता, हे मला वहिनींकडूनच कळलं. थोरल्या भावानं सोयरीक आणली, दामूभाऊ तेव्हा परगावी बियाणं आणायला गेले होते, त्यांनी तिकडूनच निरोप धाडला की ठरवून टाका. "मलेबी असंच बुक केलं होतं भाऊजी," वहिनी मला चहा देताना म्हणाल्या. "ना रंग पायला, ना रूप." दामूभाऊ पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अजूनई एकेक कळूनच राहिलं." वहिनी हसत आत गेल्या.

म्हणूनच त्या शेवटच्या भेटीनंतर वहिनींच्या मनानं जी धास्ती घेतली ती मला समजत होती. आयुष्यभर ज्या माणसाचा जीव वाट पाहण्यात रमला, तो वाट पाहतापाहताच गेला. फोटोसुद्धा त्यानं पाहिला नाही. शेवटच्या दिवसांत ते रोज एकदा तरी विचारायचे, पार्सल आलं का म्हणून. त्यांचा जीव त्या चाकूत अडकला असणार, या विचारानं वहिनींना ना धड रडू येत होतं, ना घास उतरत होता. दहाव्याला आम्ही घाटावर निघालो तेव्हा त्यांनी मला ओसरीवर थांबवलं. "भाऊजी, कावळा नाई शिवला त मुलीले काई सुचनार नाई. तुमीच बोला. म्हना, चाकू आला का आमी उघडू, जपून ठेवू. इकू नाई, कोनाले देऊ नाई." मी मान डोलावली. वैनगंगेच्या घाटापर्यंत ते वाक्य मी मनात घोळवत गेलो. इतक्या लोकांत मोठ्यानं बोलायचं, माझा आवाज फुटला तर काय, याचीच मला काळजी होती.

विधी वैशालीनंच केला. दोघा-चौघांनी नाक मुरडलं, पण कुणी आडवं आलं नाही. पिंड मांडला, आम्ही मागं सरकायला लागलो आणि मी घसा खाकरला. इतक्यात कडुनिंबावरून एक कावळा उतरला, विधी सांगणाऱ्या महाराजांचा हात पुरता बाजूलाही झाला नव्हता, आणि भाताचा गोळा उचलून सरळ नदीकडे गेला. ना इकडे पाहिलं, ना तिकडे. माझं पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं. अशा गोष्टींवर माझा विश्वास आहे की नाही, हे मला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. पण त्या क्षणी अंगावरचं सगळं ओझं उतरलं. वैशाली रडता रडता हसत होती.

आम्ही घरी परतलो तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. "शिवला?" "शिवला." "लवकर?" "महाराजांचा हातसुद्धा निघाला नव्हता, वहिनी." त्या खाली बसल्या. मग पदरानं डोळे पुसून, चांगल्याच रागानं म्हणाल्या, "चाकूत जीव नोयताच त रोज पार्सल आलं का, पार्सल आलं का, करून माया जीव कायले खाल्ला?" आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी आपणहून जेवायला वाढून घेतलं. त्यांना जेवताना पाहून मला खरोखर सुटल्यासारखं वाटलं. दामूभाऊंना चाकू हवाच होता, पण त्यांचा आनंद त्यांनी होळीलाच घरी आणला होता आणि रोज थोडा थोडा करून संपवतही आणला होता. फोटोला डोळे का मिटले, तेही मला तेव्हा कळलं.

पार्सल दिवाळीनंतर आलं. वहिनींनी मला निरोप धाडला. मी गेलो तेव्हा खोकं उघडलेलं होतं आणि शेजारी टोपलीत शिंगाडे होते. चाकू साधाच निघाला. मूठ काळ्या शिंगाची, पातं बोटाएवढं. वहिनींनी तो मिटवला, माझ्यासमोर फरशीवर ठेवला, हात मागं घेतला आणि म्हणाल्या, "उचला." मी उचलला, एक शिंगाडा सोलला, चाकू मिटवून पुन्हा फरशीवर टेकवला आणि गर त्यांच्या ताटलीत ठेवला. त्यांनी तो खाल्ला, आणि सवयीप्रमाणे नाव ठेवलं, की धार काही खास नाही.

मग कपाटाकडे पाहत त्यांनी विचारलं, "भाऊजी, पुढच्याचं बुकिंग कवा असते?" कपाटातल्या फळीवर चाकू ओळीनं मांडलेले आहेत, आणि शेवटच्या चाकूपुढची जागा दामूभाऊ नेहमीच मोकळी ठेवत.

"होळीला उघडेल," मी म्हणालो. "कसा असेल, काही सांगता येत नाही हं."

"मी कोठी इचारलं?"

"बरं. नाव कुणाचं टाकू? तुमचं?"

वहिनींनी फरशीवरचा चाकू उचलला, पदरानं पुसला आणि फळीवर ठेवला. त्याच्यापुढं हातभर जागा मोकळी राहील असा.

"त्यायचंच टाका," त्या म्हणाल्या. "त्यायले सवय आहे वाट पायाची."