बाज निघेल एवढी वाट

एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरात आमची फील्ड कंपनी पश्चिम सीमेवर गेली. मी तेव्हा नाईक होतो, इंजिनिअर रेजिमेंट, गाव इंझोरी. माझ्या सेक्शनमध्ये सॅपर पुंडलिक होता, गाव आसेगाव. आता या मुलखाला वाशीम जिल्हा म्हणतात, तेव्हा तो अकोल्यात होता. सॅपर म्हणजे इंजिनिअर दलातला साधा शिपाई. पूल बांधायचे, रस्ते करायचे, सुरुंग पेरायचे आणि शत्रूनं पेरलेले सुरुंग काढायचे, ही आमची कामं. इन्फंट्री पुढे जाते ती आम्ही वाट करून दिल्यावर. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पिक्चरमध्ये आम्ही कुठे दिसत नाही.

रिटायर होऊन आलो तेव्हापासून लोक मला एकच विचारतात. फौजेत जाऊन काय मिळवलं? मी हसून सोडून देतो. पण कुणी पुंडलिकबद्दल तोच प्रश्न विचारला की मला हसू येत नाही. म्हणून त्याची हकिकत एकदा नीट सांगून टाकतो.

माझं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. पुंडलिकचं घर कुणब्याचं, थोडी कोरडवाहू जमीन, वडील लहानपणीच गेलेले, आईनं एकटीनं वाढवलेला. गावात असतो तर आम्ही एका पंगतीला बसलो नसतो. फौजेत एकाच मेसटिनमध्ये, म्हणजे एकाच डब्यात, जेवलो. त्याचं कुणी फार कौतुक करू नये. लंगरचा कुक दोघांनाही सारख्याच कच्च्या रोट्या द्यायचा.

पुंडलिक कामाला संथ होता. ट्रेनिंगमध्ये सगळे त्याला चिडवायचे. मी म्हणायचो, "तुह्या हातानं पेरनी झाली तं दिवाळीले उगवंल." तो म्हणायचा, "उगवंल ना पन." सुरुंगाच्या कामात असा माणूस पुढे असलेला बरा असतो. घाई करणाऱ्याच्या मागे कुणाला राहायचं नसतं.

त्या दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरायचं होतं. रिसोडकडची मुलगी पाहून झाली होती. रजा मंजूर झाली होती. मग सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. मुलीकडच्यांना थांबायला सांगा, असं त्यानं आईला कळवलं. बूट पॉलिश करता करता तो एवढंच म्हणाला, "आता उन्हाळ्यातच नवरदेव व्हा लागंल, उस्ताद. लय घाम येईन."

डिसेंबरात लढाई लागली. आमच्यासमोर एक मोकळं रान होतं आणि त्याच्या पलीकडे एक उंच बांध. मधल्या रानात शत्रूचं माइनफील्ड. इन्फंट्रीची एक प्लाटून लांबून वळसा घालून बांधापर्यंत पोचली होती. उजाडायच्या सुमाराला शत्रूच्या मशीनगननं वळशाची वाट बंद केली. प्लाटूनमध्ये जखमी होते, आणि काहींची हालत वाईट होती. त्यांना आणायला एकच रस्ता उरला, सरळ माइनफील्डमधून.

सुभेदारसाहेब आले. त्यांनी नकाशा उघडला नाही, हातानंच दाखवलं.

"नाईक, तुम्हारा सेक्शन. फूट लेन चाहिए. स्ट्रेचर निकले इतनी चौडी. धुंद उठने से पहले."

"जी साहब."

धुकं दाट होतं. चार पावलांपलीकडचा माणूस दिसत नव्हता. धुकं होतं म्हणून काम होणार होतं आणि धुक्यामुळेच ते अवघडही होणार होतं. पुंडलिक पोटावर पुढे सरकत होता. त्याच्या हातात प्रॉडर, म्हणजे लोखंडी सळई. ती जमिनीत तिरपी खुपसायची. सरळ खुपसली तर सुरुंगाच्या डोक्यावर बसते. सळईला काही लागलं की तो हात वर करायचा. मी पुढे होऊन माती बाजूला करून सुरुंग निकामी करायचो. आमच्यामागे तिसरा जवान लेनच्या दोन्ही कडांना पांढरी टेप अंथरत यायचा. टेपच्या आत पाय, टेपच्या बाहेर मरण. जखमींना उचलून आणणाऱ्यांना एवढं कळलं की पुरे.

बांध थोडाच राहिला असताना टेप संपली. दुसरं रीळ आदल्या लेनला खर्ची पडलं होतं. पुंडलिकनं उरलेला पट्टाही त्याच संथ हातानं साफ केला आणि आम्ही बांधाला पोचलो. पण तेवढ्या पट्ट्यावर खूण कसलीच नव्हती. बांधावरून धुक्यात उतरणाऱ्या माणसाला टेपचं टोक दिसणार नव्हतं. एक पाऊल चुकलं तर स्ट्रेचरवरचा आणि उचलणारे, सगळेच जाणार होते.

पुंडलिक म्हणाला, "उस्ताद, तुमी मानसं पाठवा. मी टेपच्या टोकावर उभा राह्यतो. मले पाहून येतीन. नाई दिसलो तं आवाजावर येतीन."

मी बांधावर चढलो. प्लाटूनच्या वायरलेस सेटवरून मागे कळवलं.

"लेन तयार. स्ट्रेचर भेज रहा हूं. ओव्हर."

"शाबास. जल्दी करो. आउट."

पहिलं स्ट्रेचर उतरलं. समोरून पुंडलिकचा आवाज आला, "मेरी तरफ देखो. सीधा आओ." ते त्याच्यापर्यंत गेले, टेपमध्ये शिरले, निघून गेले. दुसरं गेलं. तेवढ्यात शत्रूला संशय आला असावा. मॉर्टरचे गोळे पडायला लागले, आधी लांब, मग जवळ.

मी ओरडलो, "पुंडलिक, झोप खाली."

"झोपलो तं दिसनार नाई."

एवढंच बोलला. त्यात काही वीरश्री नव्हती. शेतातून हाक दिल्यावर माणूस उत्तर देतो तसं त्यानं उत्तर दिलं. पुढचा गोळा त्याच्या अगदी जवळ पडला. माती उडाली. मला वाटलं संपलं. मग परत आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक. "मेरी तरफ देखो." तो गुडघ्यावर आला होता. पुन्हा उभा राहिला. शेवटचं स्ट्रेचर त्याच्या शेजारून टेपमध्ये शिरेपर्यंत तो उभाच होता.

मी पोचलो तेव्हा तो बसला होता. पोटात लोखंडाचे तुकडे गेले होते.

"झाले का समदे?"

"झाले."

"टेप कमी पडली, उस्ताद."

त्याच्यासाठी स्ट्रेचर उरलं नव्हतं. आम्ही त्याला ग्राउंडशीटमध्ये घेतलं आणि त्यानंच साफ केलेल्या लेनमधून मागे आणलं. एड पोस्टच्या डॉक्टरपर्यंत पोचायच्या आत तो गेला. दुसऱ्या दिवशी तिथंच त्याला अग्नी दिला. मी रडलो. कुणी पाहिलं, कुणी नाही, मला त्याची लाज वाटली नाही.

जानेवारीत मला रजा मिळाली. कंपनी कमांडरनी पुंडलिकच्या अस्थी माझ्याबरोबर दिल्या. वाशीमला मीटरगेजच्या गाडीनं उतरलो, एसटीनं मंगरूळपीर गाठलं, तिथून आसेगाव. आपल्या घरी इंझोरीला न जाता आधी त्याच्या घरी गेलो. युनिफॉर्म अंगावर होता. ज्वारीची मळणी उरकलेली होती आणि खळं घराला लागूनच, सारवून स्वच्छ ठेवलेलं होतं.

सरूमावशी, म्हणजे त्याची आई, ओट्यावर बसली होती. तिनं अस्थींचा तांब्या मांडीवर घेतला आणि पदरानं झाकला. भावकी जमली. पुंडलिकचे चुलते किसनकाका घरातले कर्ते. बोलणं त्यांनीच सुरू केलं.

"तार आली तवापासून अस्थीची वाट पाहून राह्यलो होतो. आता तेरवी उरकून घेऊ. पन त्याच्याआधी लगन लावा लागंल."

"कोनाचं लगन, काका?"

"पुंडलिकचं. रुईशी."

आमच्या भागात काही घरांत तेव्हा ही रीत होती. बिनलग्नाचा पुरुष मेला तर तो अधुरा गेला असं धरायचे. मग रुईच्या झाडाला हळद लावायची, मंगळसूत्र बांधायचं, पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्या पुतळ्याशी रुईचं लग्न लावून पुतळा जाळायचा. म्हणजे मेलेला पुरा होतो आणि मग त्याची तेरवी करता येते. नाहीतर जीव घराभोवती घुटमळतो म्हणे. मी हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं होतं. पण त्या दिवशी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"काका, तो अधुरा नव्हता."

"काहून नव्हता? ना बायको, ना लेकरू. बावीस वर्साचं पोट्टं. काय पाह्यलं त्यानं दुनियेत? वाया गेलं लेकरू."

"वाया नाई गेला."

"हे पाय वामन, तुमी लोक बुद्ध झाले, रीती सोडल्या. तुमाले यातलं काय कळंल?"

"सोडल्या म्हनूनच विचारून राह्यलो. मानूस पुरा व्हाले काय लागते, सांगा ना. लगन? लगन झालेले एवढे बसले हायेत इथं. समदे पुरे हायेत का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. किसनकाका उठून उभे राहिले. मीही हटलो नाही. घरात मरण झालेलं असताना असं बोलू नये, हे मला कळत होतं. तरी मी बोललो, आणि आजही बोलेन.

सरूमावशी म्हणाली, "भांडू नका. वामन, खाली बस. मले सांग कसं झालं. काई लपवू नको."

मी सांगितलं. बांध, धुकं, टेप, मॉर्टर, सगळं. तुकडे कुठे लागले तेही सांगितलं, कारण तिनं विचारलं. तिनं मधे एकदाही डोळे पुसले नाहीत.

"वाट केवढी होती?"

"बाज निघंल एवढी, मावशी."

"मले दाखव."

तिनं अस्थी जावेच्या हातात दिल्या आणि स्वतः चुलीतली राख टोपलीत भरून आणली. मी खळ्यात उतरलो. राखेच्या दोन रेघा ओढल्या, मधे बाजेएवढी जागा सोडून. खळ्याच्या एका टोकापासून ओढत गेलो आणि दुसऱ्या टोकाच्या थोडं अलीकडे थांबलो.

"पुढं काहून नाई टाकत?"

"इथं टेप सरली. इथं तो उभा होता."

मावशी राखेच्या रेघांमधून चालत आली. रेघेला पाय लागू नये म्हणून तिनं लुगडं आवरून धरलं होतं. माझ्याजवळ आली आणि मला हातानं बाजूला सारून त्या जागेवर उभी राहिली. बराच वेळ तशीच उभी राहिली. भावकी ओट्यावरून पाहत होती.

"इथून समदे गेले?"

"समदे. एकही चुकला नाई."

मग ती किसनकाकांकडे वळली. आवाज चढवला नाही.

"भाऊजी, रुईले हात लावू नका. माह्यं सारं आयुष्य रांडपनात गेलं. त्या झाडाच्या कपाळी ते काहून देता? लेकरू माह्यं पुरं हाय. त्याची तेरवी पुरी करा. जमत नसंल तं मी करतो."

काका म्हणाले, "लोक नावं ठेवतीन."

"ठेवू द्या. पन आधी त्याहीले म्हना, इथं उभं राहून दाखवा."

तेरवी पुरी झाली. रुई जागच्या जागी राहिली. किसनकाका आले, पण जेवले नाहीत. तो त्यांचा हक्क होता. पंगत बसली तेव्हा मावशीनं मला हाताला धरून भावकीच्या रांगेत बसवलं आणि पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. शेजारचा एक जण उठून दुसरीकडे गेला. मावशीनं त्याच्या रिकाम्या जागेवर दुसऱ्याला बसवलं आणि वाढत पुढे गेली.

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. हवालदार होऊन घरी आलो. आयुष्याची मापं लोक मला नेहमी ऐकवतात. किती जगला, किती एकर केलं, किती नातवंडं पाहिली. ही मापं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. माझी स्वतःची नातवंडं आहेत आणि ती मला प्यारी आहेत. पण या मापात पुंडलिक बसत नाही, म्हणून तो कमी भरला, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये. माप तोकडं असेल तर माप बदला.

त्या स्ट्रेचरवरची माणसं कोण होती, मला माहीत नाही. त्यातले काही जगले असतील, त्यांची लग्नं झाली असतील, लेकरं मोठी झाली असतील. धुक्यात समोर उभं राहून हाका मारणारा कोण होता, हे त्यांना कुणी सांगितलं नसेल. मी सांगतो. सॅपर पुंडलिक, मुक्काम आसेगाव. वय बावीस, बिनलग्नाचा, पुरा.