पंपाचा जोर

पलूसजवळच्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात मी आगीपासून बचावाची व्यवस्था बघते. छतालगत लाल पाइप फिरवलेले आहेत आणि त्यांना जागोजागी स्प्रिंकलर. आग लागली की उष्णतेनं स्प्रिंकलरमधली काचेची बारकी नळी फुटते आणि पाण्याचा फवारा सुरू होतो. एवढं कुणालाही चटकन समजतं. पाण्याचा दाब गरजेपेक्षा जास्त झाला तरी धोका असतो, हे मात्र सांगावं लागतं.

आबा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा माझं काम बघायला आले तेव्हा आमच्याकडे नेमका हाच घोळ चालला होता. कारखान्याची नवी चार मजली इमारत उभी राहिली होती. वरच्या मजल्यापर्यंत पाणी जोरात जावं म्हणून मोठा पंप आणला, आणि जुनी बैठी शेडही त्याच पंपावर जोडली. शेडमधले पाइपांचे जोड जुने. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह शेडकडं जाणाऱ्या पाइपवर बसवायलाच पाहिजे.

"अहो मॅडम, जोर जास्त असला तर चांगलंच की. आग लवकर विझेल."

"नाही साहेब. जोर फार झाला की थेंब धुक्यासारखे बारीक होतात. आगीच्या गरम हवेनं वरच्या वर उडून जातात, जळत्या मालापर्यंत पोचतच नाहीत. आणि आपले जोड तेवढा दाब सोसतील याची मला खात्री नाही."

साहेब मनाने मोकळे. त्यांनी लगेच व्हॉल्व्ह मागवला. तो येईपर्यंत पंपाच्या चाचणीआधी शेडचं पाणी बंद करायचं आणि नंतर लगेच सोडायचं, असं ठरलं.

त्या शनिवारी सकाळी आबा दुष्काळी भागातल्या दहिवडीहून एसटीनं आले. लाल पटका, धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडं. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. लेक कारखान्यात नक्की करते काय, हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मी त्यांना शेडमधल्या कँटीनमध्ये बसवलं. कँटीनच्या मावशी कवठे महांकाळच्या, त्यांच्या माहेरीही मेंढरं. त्यांनी आबांसमोर चहा ठेवला आणि दोघांची मेंढरांवरून जी बोलणी सुरू झाली, त्यात मला जागाच उरली नाही.

साहेब चाचणीसाठी पंपघराकडं निघाले होते. जाता जाता आबांना म्हणाले, "आबा, आता ऐका तुमच्या लेकीचा पंप कसा बोलतो!"

"साहेब, मी शेडचं पाणी बंद करून येते, मग चालू करा," असं मी म्हटलं खरं, पण पाहुण्याला कौतुक दाखवायच्या उत्साहात ते त्यांच्या कानापर्यंत गेलंच नाही. मी शेडबाहेर पाणी बंद करायच्या चाकापाशी पोचतेय तोच पंप गरजला. समोरच्या दाबाच्या मीटरचा काटा सरसर चढत लाल रेघेच्या पुढं गेला. मी चाक फिरवायला लागले आणि आत धाडकन आवाज झाला. मागोमाग मावशींची किंकाळी.

माझे हात चाकावर आणि जीव आबांपाशी. चाक घट्ट बसेपर्यंत फिरवलं आणि आत धावले.

कँटीनच्या मधोमध छतावरचा एक जोड निसटला होता आणि पाइपात उरलेलं पाणी धो धो कोसळत होतं. पाइपात साचून राहिलेलं पाणी काळंकुट्ट आणि वासाचं असतं. आबा डोक्यावर घोंगडं धरून बाकावर उभे. धोतर काळं, मिशा काळ्या. मावशी कणकेची परात पोटाशी धरून टेबलाखाली. कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं.

"आबा, लागलं न्हाई न्हवं तुमास्नी?"

"न्हाई गं पोरी. पर तुमच्या हितं पानी लय रागीट हाय!"

एवढं बोलून ते जे हसायला लागले ते थांबेचनात. मावशी टेबलाखालून म्हणाल्या, "आवं आबा, हसताय काय? माजी कनीक वाचली म्हनून आज जेवाय मिळंल!" मग मलाही हसू आवरेना. आवाज ऐकून शिलाईच्या बायका धावत आल्या. तोवर साहेबही पंप बंद करून आले, दारातच घसरले आणि त्या काळ्या पाण्यात फतकल मारून बसले. मग साहेब स्वतःच म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर होतं. जोर जास्त झाला." पुढचा अर्धा तास कुणी काम केलं नाही.

आबांना मात्र वाहून चाललेलं पाणी बघवेना. त्यांनी बायकांना बादल्या आणायला लावल्या, आणि सगळं पाणी कुंपणालगतच्या नव्या झाडांना गेलं. नंतर त्यांनी मुंबईतल्या माझ्या भावाला फोन लावला. "आरं, हितं तुजी भन पान्याचा जोर कमी करायचा पगार घेती! आपल्या गावात कवा आसं काम निगंल रं?"

एका मुक्कामाला आलेले आबा जोड दुरुस्त होऊन व्हॉल्व्ह बसेपर्यंत हटले नाहीत. पंपवाल्यांनी चाचणीसाठी अंगणात पाइप काढून टोकाला काचेची नळी नसलेला एक उघडा स्प्रिंकलर लावला. पंप सुरू झाला. यावेळी व्हॉल्व्हच्या पुढच्या मीटरचा काटा लाल रेघेच्या बराच खालीच स्थिर राहिला आणि छत्रीसारखा गोल, टपोऱ्या थेंबांचा फवारा पडायला लागला. मी बघतच राहिले. इतके दिवस हेच हवं होतं मला.

आबांनी पटका उतरवून माझ्या हातात दिला आणि सरळ फवाऱ्याखाली जाऊन उभे राहिले. "आता गुनी झालं बग पानी," म्हणाले. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. एक बाई गेली, दुसरी गेली, पटका साहेबांकडं देऊन मीही गेले.

"मॅडम, बंद करू का?" साहेबांनी विचारलं.

"थांबा की जरा!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

शेवटी मावशीच कँटीनच्या दारात आल्या, कमरेवर हात ठेवून. "आगं भज्या गार व्हायल्यात! या की आता!"