आधी कागद काढ

"आधी कागद काढ, मग बोल," असं म्हणत काकू पुडकं फाडायच्या आणि कागद स्वतःच्या मांडीखाली सरकवून द्यायच्या. मग पुडक्यात बिस्किटं असोत, अगरबत्ती असो, नाहीतर साबण. कंपनीचं नाव एकदा मांडीखाली गेलं की काकूंची तपासणी सुरू.

तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल, ज्यांना येताना पाहून भाजीवाला मऊ टोमॅटो मागे लपवतो. आमच्या विजय नगरात त्या काकू होत्या. जबलपूरच्या एका सरकारी फॅक्टरीत त्यांची सगळी नोकरी तपासणीच्या टेबलावर गेली. तिथं माल पास झाला की त्यावर तपासणाऱ्याच्या नंबरचा छोटा गोल ठप्पा बसायचा. काकूंचा नंबर सत्तेचाळीस. निवृत्त होताना त्यांनी ठप्पा जमा केला, पण सवय काही जमा झाली नाही. "भैया, हा रिजेक्ट, तो पास," असं भाजीच्या ठेल्यावर चालूच राहिलं.

माझ्या बाबांचं कॉलनीच्या कोपऱ्यावर कपडे प्रेस करायचं दुकान आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा दर वर्षी खाकी कागद आधी प्रेस करायचे आणि मग माझ्या वह्यांना कव्हर घालायचे. वर्गात माझ्याइतक्या नीट वह्या कुणाच्याच नव्हत्या. पण तोंड उघडायची वेळ आली की सगळं संपायचं. पहिल्या वर्षी सेमिनारला मी उभी राहिले, फळ्याकडे पाहिलं आणि एक शब्दही न बोलता खाली बसले.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आलं. मला विषय मिळाला बाजारातल्या चॉकलेट केकच्या पुडक्यांची तुलना. बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घेणार होते. "तेव्हासारखी गप्प बसलीस तर मी काही करू शकणार नाही," असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. त्याच संध्याकाळी मी काकूंच्या साड्या द्यायला गेले आणि दारातच रडू आलं.

"काहून रडून राहिली? केकच आहे ना, बॉम्ब तर नाही? घेऊन ये इकडे."

मी दोन पुडकी नेली. एक सोनेरी कागदाचं, टीव्हीवर जाहिरात येते ते. दुसरं लाल कागदाचं, त्याच्याहून स्वस्त. काकू दोन्हींकडे बघून हसल्या.

"एका पुडक्यानं कधी लॉट पास होतो का बेटा? आणखी आण. दुकानं बदल, गावं बदल."

मग मी विजय नगरातून पुडकी घेतली, भेडाघाटच्या टपऱ्यांवरून घेतली. वर्गातली एक मैत्रीण दूरच्या कुंडम गावाहून यायची, तिनं तिथल्या बसस्टँडवरून आणून दिली. काकूंना शुगर होती. नागपूरहून मुलगा रोज फोनवर त्यांना दटावायचा. म्हणून त्यांनी कामाची वाटणी केली. "जीभ तुझी, डोळे माझे." सुरीनं केक चिरडतो, म्हणून त्या शिवणाच्या दोऱ्यानं कापायच्या. मलई कडेपर्यंत पोचली आहे की नुसती मधे दिसण्यापुरती आहे, ते बघायच्या. अंगठ्यानं हलकेच दाबून केक परत वर यायला किती वेळ लागतो ते मोजायच्या. आणि मला प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलून दाखवावी लागे.

"मला ऐकू नाही आलं. मशीन चालू आहे असं समज."

एकदा मी गंमत केली. कागद आधीच काढून ठेवले आणि एकाच सोनेरी कंपनीचे दोन केक दोन वाट्यांत घालून पुढे ठेवले, एक विजय नगरचा, एक कुंडमचा. काकूंनी दोन्ही कापले, दाबले, नाकाशी नेले.

"हे दोघे सख्खे भाऊ आहेत. एक घरी राहिला, दुसरा उन्हातून प्रवास करून आला."

आम्ही पुन्हा पुन्हा तपासलं. सोनेरी केक विजय नगरात फार छान असायचा, कुंडमला कोरडा. लाल केक साधाच, पण सगळीकडे सारखा. आमचा निष्कर्ष तयार झाला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक सरांनी माझी फाइल उघडलीच नाही. "इसमें तुलना क्या करनी? गोल्डवाला अच्छा है, सबको पता है."

पण माझ्या डब्यात केकच्या तीन वाट्या होत्या आणि कानात ती न दिसणारी मशीन चालू होती. मी नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "सर, पहले चखकर देखिए. रैपर मैंने निकाल दिए हैं."

सरांनी तिन्ही चाखले. पहिला एक नंबर, म्हणाले. दुसरा ठीक. तिसरा तोंडात घोळवत म्हणाले, "ये तो कोई लोकल माल है."

"सर, बीचवाला लाल है. पहला और तीसरा एक ही कंपनी का है. गोल्ड."

वर्गात एकदम हसू फुटलं. सरही हसले आणि त्यांनी फाइल ओढून घेतली. पुढे बराच वेळ ते विचारत होते आणि मी बोलत होते. दोरा, अंगठा, कुंडम, सगळं. एकदाही फळ्याकडे पाहिलं नाही. बाहेर आले तेव्हा घसा बसला होता आणि वर्गात सगळ्यांत जास्त मार्क माझे होते.

धावतच काकूंकडे गेले.

"पास की रिजेक्ट?"

"पास, काकू! पहिली!"

काकूंनी डब्यात उरलेल्या केकची दोऱ्यानं बोटभर चकती कापली आणि तोंडात टाकली. "मुलाला सांगू नको." मग निळा पेन घेऊन माझ्या फाइलच्या पुठ्ठ्यावर, कोपऱ्यात, छोटा गोल काढला आणि आत लिहिलं, ४७.

मागच्या वर्षी मुलगा त्यांना कायमचा नागपूरला घेऊन गेला. घराला कुलूप आहे. भाजीवाला आता टोमॅटो उघडे ठेवतो, आणि मधूनच मला विचारतो, "दीदी, काकीजी कब आएँगी?"

मी आता एम.एस्सी.ला आहे. बाबा अजून खाकी कागद प्रेस करून माझ्या सगळ्या वह्यांना कव्हर घालतात. फक्त त्या एका फाइलला मी घालू दिलेलं नाही.