अकिताचं क्षौर

दादाचा कुत्रा मी मारला. घरात हे कुणालाच ठाऊक नाही, आणि आता सांगण्याची हिंमतही माझ्यात नाही, म्हणून लिहितो.

आमचं घर उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री, नदीकाठी, दुर्गाघाटावर. घरात बाबा आणि मी. बाबांनी ऐंशी ओलांडली. दोघंही भिक्षुक, महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, पिंडदानं सांगायची, हाच धंदा. थोरला भाऊ बंगळूरला मोठ्या कंपनीत. त्याला तीन महिने परदेशात जायचं होतं, तर चैत्रात तो कुत्रा घेऊन हजर झाला. "तुम्ही दोघं काय, घरीच असता," म्हणाला. मी रोज सकाळी दोनशे पायऱ्या चढतो-उतरतो, त्याला दादाच्या हिशेबी घरीच असणं म्हणतात.

कुत्रा जपानी, अकिता जातीचा. तांबूस, वासराएवढा, शेपटी पाठीवर गुंडाळलेली. वरचे केस राठ आणि खाली दाट लोकर. दादानं चहा पिता पिता त्याची कुळकथा सांगितली. स्वतःच्या आजोबांबद्दलही त्याला एवढी माहिती नसेल. ही जात उत्तर जपानातल्या बर्फाच्या डोंगरांतली. अस्वलाच्या शिकारीला यांना नेत. शिकारी येईपर्यंत अस्वलाला अडवून धरायचं आणि जागा सोडायची नाही, एवढंच यांचं काम. पुढे लोकांना करमणूक हवी झाली तेव्हा यांना एकमेकांशी झुंजवलं. महायुद्धात माणसांनाच खायला नव्हतं, तेव्हा हे मारले गेले आणि यांची कातडी सैनिकांच्या कोटांना लागली. कुणी कुणी डोंगरात लपवून ठेवले, त्या मूठभरांतून जात पुन्हा उभी राहिली.

"उगाच भुंकत नाही," दादा म्हणाला. "दुखलं तरी आवाज काढत नाही. आणि माणूस एकदा ठरवला की ठरवला."

"म्हणजे तपस्वीच की रे," बाबा म्हणाले. त्यांना तो तिथेच आवडला.

निघताना गल्लीच्या तोंडाशी दादानं मला बजावलं, "उन्हाळ्यात कितीही धापला तरी केस कापू नका. त्या केसांनीच त्याचं उन्हापासून रक्षण होतं. बाबांनाही सांग." मी हो म्हटलं.

कुत्र्यानं माणूस ठरवला तो मी. बाबा त्याला दूध-पोळी कुस्करून घालत, मी त्याच्याकडे बघतही नव्हतो, तरी तो माझ्यामागून घाटावर येई. एकदा चिडून लाथ घातली. तो एक पायरी खाली उतरून बसला, माझ्याकडे तोंड करून. कुणी आपल्यावर इतका विश्वास टाकला की मला त्याचा राग येतो. माझा स्वभावच तसा आहे.

ज्येष्ठ लागला. वीज जाई, पंखा बंद पडे, कुत्रा जीभ काढून फरशीवर पडलेला. बाबा आपला पंचा भिजवून त्याच्या अंगावर घालत. एके दिवशी कळवळून म्हणाले, "अरे, हे घोंगडं उतरव बिचाऱ्याचं. न्हाव्याकडे घेऊन जा. हलकं वाटेल त्याला."

आमच्या घाटावर दिवसभर डोकी उतरतात. केस काढले की माणूस हलका होतो, हे बाबांनी जन्मभर पाहिलेलं. मी एक वाक्य बोललो असतो तर ते थांबले असते.

मला आई आठवली. आई गेली तेव्हा अग्नी दादानं दिला आणि क्षौराची वेळ आली तशी म्हणाला, पुढच्या आठवड्यात परदेशी साहेबांसमोर उभं राहायचंय, टक्कल करून कसं जाऊ? न्हाव्यानं कात्रीनं दोन बटा कापल्या. शेजारी मी बोडका बसलो होतो. बाबांनी पुढचा विधी सुरू केला. दादानं आईला दिले नाहीत ते केस आता त्याचा कुत्रा देईल, असं माझ्या मनात आलं आणि खरोखर हसू फुटलं.

न्हावी तोच होता. घाबरत म्हणाला, "महाराज, काटेगा तो नहीं?"

"हम पकड़े हैं," मी म्हटलं.

कुत्र्यानं हनुवटी माझ्या मांडीवर टेकली आणि डोळे मिटले. मशीन फिरवून न्हावी थांबला, तर मीच म्हटलं, "उस्तरा भी फेर दो." खालची कातडी गुलाबी निघाली. घाटावरची पोरं हसून लोळली. मी फोटो काढून ठेवला, दादा आला की दाखवायला.

त्यानंतरही तो रोज माझ्यामागून घाटावर येत राहिला. मी छत्रीखाली पिंड सांगत बसे, तो तापलेल्या दगडावर. दार लावून त्याला घरात ठेवणं काही कठीण नव्हतं. पाठ लाल झाली, मग फोड आले, मग ते फुटले. आवाज नाही, म्हणजे फारसं दुखत नसेल, असं मी स्वतःला सांगत होतो. जात काय आहे ते मला ठाऊक असून.

एका दुपारी मी उठलो आणि तो उठला नाही. हातगाडीवर घालून डॉक्टरकडे नेला. त्यांनी पाठ पाहिली, पोटाखाली वाकून पाहिलं. किडे पडले होते. "पंधरा दिन से सह रहा होगा," ते म्हणाले. "रोया नहीं?" संध्याकाळी तो गेला. नावेनं पलीकडे नेऊन रेतीत पुरला.

केस काढल्यावर उन्हानं पाठ भाजून कुत्रा गेला, एवढं दादाला फोनवर कळवलं होतं. तो आषाढात आला. उंबऱ्यातच विचारलं, "केस कुणी कापले?"

"मीच कापवले," बाबा म्हणाले.

दादा माझ्याकडे वळला. "तुला सांगितलं होतं ना मी?"

"मी बाबांना सांगितलं होतं," मी म्हटलं. "त्यांनी ऐकलं नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, ते आठवून पाहत होते. मग हळूच म्हणाले, "सांगितलं असेल त्यानं. हल्ली माझ्या ध्यानात राहत नाही." दादा नको नको ते बोलला, बॅग न उघडता परत गेला. त्यानंतर त्याचा बाबांना फोन नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा स्नान करून सोवळ्यानं माझ्यासमोर पाट मांडून बसले. प्रायश्चित्ताचा संकल्प मी सांगावा म्हणाले.

"अजाणता घडलं असतं तर तीन दिवसांचा उपास पुरला असता," ते म्हणाले. "पण तू सांगितलं होतंस. म्हणजे जाणूनच झालं. दुप्पट धर."

मी त्यांच्या तळहातावर पाणी घातलं आणि सहा दिवसांचा संकल्प सांगितला.