तिरचिमणी शून्य

साल्मेला मार्चमध्ये पुरलं, तेव्हा हाइनोच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नवऱ्याचं काळीज दगडाचं, असं गाव कुजबुजलं. कुजबुजेना का! त्याला स्वतःलाच काही वाटत नव्हतं, तर तो दाखवणार काय? बटाटे उकडायचे, खायचे, ताट विसळायचं. एप्रिल तसाच गेला.

मे महिन्यात मात्र तो उजाडताच उठला, थर्मासमध्ये कॉफी ओतली आणि वही घेऊन दलदलीत शिरला. एस्टोनियातल्या त्या राखीव दलदलीत छत्तीस वर्षं दोघं पाखरं मोजत आली होती. फळ्यांच्या वाटेवरच्या ठरलेल्या बारा जागा. प्रत्येक जागी पाच मिनिटं उभं राहायचं, दिसेल आणि ऐकू येईल ते लिहायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही. पेन्सिल हाइनोकडे. साल्मे डावीकडे उभी, आणि तिरचिमणी, ते चिमणीएवढं बारीक आवाजाचं पाखरू, गायली की त्याच्या बरगडीत तिचं कोपर.

"ऐकतोय गं! बहिरा नाही मी," घरी जाताना तो खेकसायचा.

"बरं," ती म्हणायची.

यंदा कोपर नव्हतं. क्रौंच ओरडले ते ऐकू आले, सोनचिखल्याची शीळ ऐकू आली. तिरचिमणी मात्र बारापैकी एकाही जागी नाही. गावात एक कावळा दिसू नये, तसंच झालं हे. हाइनोनं बारा वेळा शून्य लिहिलं. याचंही आपल्याला वाईट वाटत नाही, एवढंच त्याच्या ध्यानात आलं. घरी येऊन त्यानं राखीव क्षेत्राच्या कचेरीत त्रीनूला फोन लावला. या नोंदींचं काम तीच बघायची.

"तिरचिमण्या संपल्या."

"संपल्या म्हणजे? काहीतरीच काय, हाइनोकाका!"

"चर खणून पाणी काढलं दलदलीतलं. मीच काढलं. तीस वर्षं यंत्रावर कोण बसलं होतं? लिही अहवालात, माझ्या नावानिशी लिही."

"अजिबात लिहिणार नाही. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जागेवर दोघं गप्प उभी राहिली. मिनिटभरात त्रीनूनं एक बोट वर केलं. मग दुसरं. हाइनो वैतागला, पोरीला काही शिस्तच नाही. तेवढ्यात वीसेक पावलांवरच्या खुरट्या पाइनवरून एक तिरचिमणी उडाली. सरळ वर गेली आणि पंख पसरून हळूहळू खाली उतरली. उतरताना चोच सारखी उघडत-मिटत होती. आवाज कसलाच नव्हता.

पाच मिनिटं झाली.

"चार," त्रीनू म्हणाली.

"ती चोच का उघडत होती?"

त्रीनूनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "गात होती, काका. चांगली मोठ्यानं."

हाइनोनं वहीची जुनी पानं उलटली. मागच्या वर्षी, पहिली जागा, तिरचिमणीच्या पाच रेघा. त्याच्या आदल्या वर्षी चार. सगळ्या त्याच्याच हातच्या.

"यंत्राच्या घरघरीनं कान खाल्ले माझे, बारीक आवाज तेवढे गेले," तो म्हणाला. "त्या बयेला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं! आणि मी तिच्यावरच खेकसायचो."

त्रीनूनं उगाच समजूत घातली नाही. "ज्याला ऐकू येतं त्यानंच मोजायचं, काका. ही वाट तुमच्याकडे ठेवता येणार नाही मला."

"नको ठेवूस. जुन्या वह्यांवर तिचं नाव घाल. पुढचं तू ऐक." त्यानं पेन्सिल मुठीत धरली. "पेन्सिल तेवढी माझ्याकडे राहू दे."

"आणि बोलायचं तर नाही. मग तुम्हाला कळवू कसं?"

हाइनोनं कोटाची बटणं सोडली आणि डावा हात जरा वर उचलला. "इथं. जोरात मार, ती जोरात मारायची."

दुसऱ्या जागेवर त्रीनू त्याच्या डावीकडे उभी राहिली. थोड्या वेळानं बरगडीत कोपर बसलं. हाइनोनं रेघ ओढली. पुन्हा कोपर, पुन्हा रेघ. तिसऱ्या वेळी रेघ वाकडीतिकडी गेली आणि त्याच्या हनुवटीवरून पाणी गळायला लागलं. त्यानं हुंदका काढला नाही, डोळेही पुसले नाहीत. पाच मिनिटं व्हायची होती.