सव्वा मूठ गहू

नववीत असताना माझ्या डोक्यात 'जर' आणि 'तर' राहायला आले. धुळ्यात देवपुरात आमची भाड्याची खोली होती, शाळा दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांना मला अर्धा तास लागायचा. मी डोळे मिटले तर पांझरा तेवढ्यापुरती वाहायची थांबते का? मी जन्मलेच नसते तर माझ्या बाकावर आज कोण बसलं असतं? असलं काहीबाही मनात चालू असायचं आणि पाय आपोआप पडत राहायचे. आई म्हणायची, ही पोरगी चालत नाही, तरंगते.

त्यात भूमितीच्या बाईंनी पक्ष, साध्य, सिद्धता शिकवली. एका विधानावरून दुसरं निघतं, दुसऱ्यावरून तिसरं, आणि शेवटी जे निघतं ते कुणाच्या बापाला नाकारता येत नाही, हे कळल्यावर मला चढलीच. मी सगळं सिद्ध करत सुटले. आईने भाजीत मीठ जास्त का घातलं, तेसुद्धा.

वडील मी सहावीत असताना गेले. त्यानंतर आई शिवणकाम करायची. वर्षभर आम्ही दोघीच असायचो, पण श्रावणात कानबाई देवीच्या सणाला साक्रीकडच्या आमच्या गावी जायचोच. कानबाई बसायच्या आदल्या दिवशी आमची भावकी ओसरीवर जमते आणि रोटाचे गहू मोजले जातात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, म्हणजे एक भरलेली मूठ आणि वर थोडे दाणे. पोरगा पाळण्यातला असला तरी त्याची मूठ पडते, बायकांची पडत नाही. त्याच गव्हाच्या जाड पोळ्यांचा, म्हणजे रोटांचा, नैवेद्य होतो आणि तो भावकीनेच संपवायचा असतो. मोजायचा मान आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा. ते एकेकाचं नाव घेत आणि सुपात मूठ टाकत. माझ्या वडिलांचं नाव ते अजूनही घेत होते. आई तेवढा वेळ दाराशी उभी राहायची, नाव झालं की चुलीकडे जायची. कुणी काही बोलत नसे.

त्या वर्षी मी बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मात्र नव्हतं. बसमध्ये खिडकीबाहेर हिरवे डोंगर सरकत होते आणि मी अर्धवट झोपेत एकेक पायरी रचत आले होते. आई आणि मी रोट खातो, म्हणजे आम्ही भावकीतल्या. भावकीतल्या आहोत तर आमचीही मूठ हवी. मला खरंच हवी होती ती. आईचं नाव आबांच्या तोंडून ऐकायचं होतं.

वडिलांची मूठ सुपात पडली आणि मी पुढे झाले. म्हटलं, आबा, मूठ माणसाची असते ना? मग जी माणसं आहेत त्यांची टाका. आईची टाका, माझी टाका. एक काका हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, परत एकदा सांगायला लावलं.

"तुनं म्हननं खरं शे," ते म्हणाले. "मंग तुना बापनी मूठ काढी लेऊ का?"

हा प्रश्न मी बसमध्ये रचला नव्हता. पण उत्तर एकच निघत होतं, आणि मला ते दिसत होतं, स्वच्छ. मी हो म्हटलं.

आबांनी सुपातून एक मूठ आणि वरचे थोडे दाणे उचलून पोत्यात परत टाकले. मग सूप माझ्यापुढे सरकवलं. मी माझी मूठ टाकली. भावकीत हे पहिल्यांदाच घडत होतं आणि मला आनंद मावत नव्हता. आईला हाक मारली तर ती दाराशी नव्हती. नंतर म्हणाली, माझी राहू द्या.

सोमवारी कानबाईचं विसर्जन करून आम्ही परतीची बस धरली. आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. जिंकण्याची धुंदी तोवर उतरली होती. वर्षातून एकदा चारचौघांत माझ्या वडिलांचं नाव घेतलं जायचं आणि ते ऐकायला ती इतक्या लांब यायची, हे मला आत्ता दिसत होतं. मी खूप वेळ शब्द जुळवले. शेवटी एवढंच म्हटलं, की पुढच्या वर्षी आबांना बाबांची मूठ परत टाकायला सांगू.

आईने माझ्या केसांवरून हात फिरवला. "आता कशी टाकतील गं?" ती म्हणाली. "तू सिद्ध केलंस ना."

ती रागावली नव्हती. तिला माझं म्हणणं पटलं होतं.