शेपटीची बाळंतीण

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण या गोष्टीत माझी जी फजिती झाली ती मी आजवर खूप जणांवर ढकलून पाहिली. जावेवर ढकलली, नवऱ्यावर ढकलली, यवतमाळच्या डॉक्टरवरही ढकलली. कोणालाच चिकटत नाही. फिरून माझ्याच अंगावर येते.

कापूस वेचणीचे दिवस होते. वेचता वेचता माझ्या पोटात उजव्या अंगाला अशी कळ उठली की मी ओटीतल्या कापसासकट शेताच्या धुऱ्यावर आडवी झाले. ओवा चावला, गरम पाणी प्याले, काही उपयोग नाही. माझा नवरा, माझ्या पोरीचे कमलचे बाबा, तेव्हा कापसाच्या जिनात कामाला होते. त्यांनी मला जिनाच्या ट्रकमध्ये टाकलं आणि थेट यवतमाळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं पोट दाबलं, मी त्याचा हात झटकला. तो बिचारा शांतपणे म्हणाला, बाई, आतड्याला एक लहान शेपटी असते, ती सुजली आहे, कापावी लागेल.

शेपटी. मला.

मी चौथी पास आहे. शेपटी कोणाकोणाला असते ते पुस्तकात दिलं होतं आणि मला पाठ होतं. त्यात माझं नाव नव्हतं. डॉक्टर म्हणाला, सगळ्यांनाच असते. मी विचारलं, तुम्हाला आहे का? तर म्हणे, हो, मलाही आहे. झालं, तिथंच माझी खात्री पटली की हा माणूस आपल्याला बनवतो आहे. पण तोवर दुखण्यानं माझी बोलती बंद झाली होती, एरवी मी सोडला नसता त्याला. कापली त्यांनी.

शुद्धीवर आले तेव्हा मला पहिली आठवण झाली ती कमलच्या सोयरिकीची.

मारेगावच्या पलीकडचं घर होतं. पोरगा शाळेत मास्तर. आमच्या समाजात तेव्हा मास्तर जावई मिळणं म्हणजे काय, ते तुम्हाला आज कळायचं नाही. ते लोक कमलला पाहून गेले होते, सुगी आटोपली की येऊन पक्कं करतो म्हणाले होते. आणि इकडे माझी धाकटी जाऊ अंजना, जिच्या-माझ्या घरात एक बांबूच्या तट्ट्याची भिंत, तिच्या भावाची पोरगीही लग्नाची होती. अंजनानं त्या मास्तराबद्दल कधी तोंडातून एक शब्द काढला नाही. हाच तर माझा संशय होता.

आता मला सांगा, आईच्या पोटातून शेपटी निघाली हे त्या लोकांना कळलं असतं, तर पोरीला कोणी करून घेतलं असतं? उद्या नातवंडं झाडावर चढून बसली म्हणजे?

मी दवाखान्यातूनच नवऱ्याला बजावलं, "गावात सांगा, मी ढाणकीले भावाकडे गेलती. शेपटीचं नाव काढाल तर मी तुमच्या घरात पाय ठेवणार नाही."

दवाखान्यातून निघताना नर्सबाईनं चार गोष्टी सांगितल्या. टाके ओले करायचे नाहीत, जखमेला काही फासायचं नाही, जड उचलायचं नाही, खाणं हलकं ठेवायचं. आणि वर म्हणाली, खोकला आला, शिंक आली, उठायचं झालं, की एक उशी पोटाशी दोन्ही हातांनी गच्च धरायची, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. ही उशी ध्यानात ठेवा. सारा घोटाळा तिच्यात आहे.

आमच्या घरी उशी कुठली? कमलनं जुन्या लुगड्याचा गुंडाळा केला आणि बोचू नये म्हणून वरून तिचंच लहानपणचं दुपटं लपेटलं.

गोळ्या घेतल्या मी, नाही असं नाही. पण नुसत्या गोळीवर माझा भरवसा नव्हता. एवढीशी गोळी, ती पोटात जाऊन कोणीकडे वळते कोणाला माहीत? माझ्या आईला पोट रिकामं झाल्यावरचा एकच उपचार ठाऊक होता आणि तिनं तो मला शिकवला होता. तो बाळंतिणीचा. मी म्हटलं, पोट ते पोट. आतल्या खोलीत बाज टाकली. बाजेशेजारी शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी. टाक्यांना लागणार नाही असा पोटाला सैल पट्टा. आधी भाताची पेज, मग लसणाची चटणी, हळदीचं दूध, आणि पोट जरा धरू लागल्यावर डिंकाचे लाडू. डोक्याला फडकं बांधलेलं, कानात कापूस. कमल सगळं करत होती. शेगडी फुंकण्यापासून माझी बोलणी खाण्यापर्यंत.

सामान मी गावच्या दुकानातून आणू दिलं नाही. तो दुकानदार पुडी बांधता बांधता माणसाच्या घरातलं सगळं काढून घेतो. मी नवऱ्याला मारेगावच्या बाजारात पाठवलं. एवढी मी हुशार!

पण धूर काही माझ्या ऐकण्यातला नव्हता. तो छपराच्या कवेलूंतून निघून साऱ्या वस्तीत फिरून यायचा.

तुम्हाला एव्हाना वास आला असेल. मला नाही आला. मी आपली शेपटी सांभाळत बसले होते.

आधी माझ्या लक्षात आलं की अंजनाच्या बाजूनं तट्ट्याच्या भोकातून डोळा चमकतो. मी उठले की चमकतो, गाठोडं पोटाशी धरून पुढे-मागे झुलले की जास्तच चमकतो. टाके ओढायचे हो, माणूस झुलणारच. मग एके दिवशी अंजना दारात मेथीची जुडी ठेवून गेली. न मागता. ज्या बाईनं माझ्याकडून नेलेलं चाळणं कधी परत केलं नाही, ती मेथी आणून देते? वस्तीतल्या बायका माझ्या दारावरून जाताना बोलणं थांबवू लागल्या. एक जण तर कमलला म्हणाली, आईला सांग, या वयात जपायला पाहिजे.

मी नवऱ्याला बाजेजवळ बोलावलं. "कोणाले सांगतलं तुम्ही?"

"कोणालेच नाही."

"मग अंजनी मेथी कायले देऊन राह्यली?"

"मले काय माहीत? मी एक शब्द बोललो असन तर तुह्या त्या शेपटीची शपथ."

शेपटी तर दवाखान्यात राहिली होती, तिची शपथ कशी चालेल? माझा संशय आणखी वाढला.

त्यात शेवंता मावशी आली. ही आमच्या वस्तीची सुईण. आली ती तोंड पाडूनच, उंबऱ्याच्या आत पाय टाकेना. म्हणाली, "सारी वस्ती माह्या हातावर झाली. तुही कमलही माह्याच हातावर झाली. आन आता मले परकी केली? बोलावलं काहून नाही?"

मला वाटलं, हिलाही शेपटीचं कळलं, आणि दवाखान्यात गेले म्हणून ही रुसली. आता नाकारून काय उपयोग? मी तिला जवळ बोलावलं आणि हळूच म्हटलं, "तुह्याच्यानं झालं नसतं ते, मावशी. पोट चिरावं लागलं."

"चिरून काढलं?"

"चिरून. पण कमलचं पक्कं होईपर्यंत कोणाले सांगू नको."

"मी कायले सांगतो?" असं म्हणून ती निघाली. गुडघ्यानं अधू असलेली बाई, पण त्या दिवशी ज्या वेगानं गेली तसा वेग मी तिचा पुन्हा पाहिला नाही.

तुम्ही म्हणाल, पाचवी झाली नाही, सटवाई पुजली नाही, एवढ्यावरून तरी वस्तीनं ओळखायला नको का? पण धम्माची दीक्षा घेतल्यापासून आम्ही सगळ्यांनीच ते सोडून दिलं होतं. पूजा नाही म्हणजे लेकरू नाही, असा हिशेब आमच्यात उरलाच नव्हता.

मग मारेगावच्या बाजारातून निरोप आला. पाव्हणे सुगीची वाट पाहत नाहीत, येत्या चार दिवसांत येऊन बसतात.

घाईनं येतात याचा अर्थ काय? मोडायलाच येतात. शेपटी पोहोचली तिकडे. कमल माझ्याकडे पाठ करून शेगडीतली राख उकरत बसली. तिला पोरगा पसंत होता, हे मला तेव्हा तिच्या पाठीवरूनच कळलं. मनात म्हटलं, मी मेले तरी चालेल पण दुखणाईत दिसणार नाही.

पाव्हणे आले त्या दिवशी मी शेगडी विझवली, कानातला कापूस काढला, चांगलं लुगडं नेसले आणि आतल्या खोलीत भिंतीला टेकून अशी ताठ बसले की जशी मला कधी खोकलाही माहीत नाही. गाठोडं बाजेवर पांघरुणाखाली ढकललं. पुरुष माणसं ओसरीवर बसली. मास्तराची आई, आमच्या इहीनबाई, सरळ आत आल्या. मागून अंजना, तिच्या मागून शेवंता. या दोघींना कोणी बोलावलं होतं?

इहीनबाईंनी जय भीम घातला, माझ्याजवळ बसल्या आणि पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या ओटीत ठेवलं. मी सोडून पाहिलं. आत लाल टोपडं आणि झबलं.

"हे काय?" मी विचारलं.

"लाजता कायले, इहीनबाई? लेकुरवाळ्या घरात काय लाजायचं? कुठी आहे लेकरू? झोपलं का?"

आणि त्याच वेळी मला खोकला आला. साऱ्या जन्मात असा खोकला आला नसेल. सवयीनं हात पांघरुणाखाली गेला आणि दुपट्यातलं गाठोडं मी ओढून पोटाशी गच्च धरलं.

"हळू, हळू," अंजना ओरडली, "जीव जाईन त्याचा."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. धुरी, मेथी, तट्ट्यातला डोळा, शेवंताचा रुसवा, सगळं एकदम. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. लग्नाला आलेली पोरगी घरात, आणि मी बाळंतीण? मी गाठोड्याची गाठ सोडली आणि लुगडं सगळ्यांच्या मध्ये फरफर उलगडून टाकलं. "घ्या. पाहा लेकरू."

बायका त्या लुगड्याकडे पाहत राहिल्या. मी तेवढ्यावर थांबले नाही. पदर बाजूला केला आणि टाक्याची खूण दाखवली. "हे पाहा. पोट कापलं माहं. बाळंत नाही झाली मी."

शेवंता मान हलवत इहीनबाईंना म्हणाली, "चिरूनच काढलं. मले तिनं सोताच्या तोंडानं सांगतलं."

त्या तिघींनी खुणेकडे पाहिलं, रिकाम्या दुपट्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला कळेना. अंजनानं डोळ्याला पदर लावला. इहीनबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "जाऊ द्या, बाई. गेलं त्याले आपण काय करतो?"

मेलेल्या लेकराची आई करून टाकली हो मला, माझ्याच डोळ्यांदेखत!

"लेकरू नव्हतं," मी ओरडले, "शेपटी होती. माह्या पोटातून शेपटी निघाली!"

ओसरीवर ऐकू गेलं. घरामागच्या विहिरीवरही ऐकू गेलं, असं मला नंतर विहिरीवरच्या बायकांनी सांगितलं. जी गोष्ट लपवायला मी ढाणकीचा भाऊ मधे घातला, मारेगावचा बाजार गाठला, ती मी आपल्या तोंडानं, पाव्हणे घरात असताना, बोंबलून सांगितली.

इहीनबाईंचं तोंड उतरलं. मला वाटलं, संपलं. पण त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे लेकरू झालंच नाही?" आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या थोरल्या सुनेला बरीच वर्षं मूलबाळ नव्हतं. मास्तराच्या होणाऱ्या सासूला या वयात लेकरू झालं, असं त्यांच्या कानावर गेलं, आणि त्यांना वाटलं, असं घर हातचं घालवायचं नाही. म्हणून सुगी सोडून त्या धावत आल्या होत्या.

म्हणजे माझी सोयरीक त्या लेकरावर धावत आली होती, आणि मी त्यांना लुगडं उलगडून दाखवलं.

शेपटीचं त्यांनी काही विचारलं नाही, हेच मला जास्त भ्यायला लावणारं होतं. त्या टोपडं हातात घेऊन घड्या घालत बसल्या. मी पिशवीकडे पाहत होते. टोपडं पिशवीत गेलं की कमलचं गेलं.

कमल पाणी घेऊन आली. आधी तिनं माझ्यापुढचं लुगडं उचललं, परत गुंडाळा केला, दुपटं लपेटलं आणि गुपचूप माझ्या पोटाशी आणून ठेवलं. मग पाहुणीला पाणी दिलं.

इहीनबाई पाहत होत्या. म्हणाल्या, "यायचं पोट एवढं कापलं, आन एवढ्या लवकर भिंतीले टेकून भांडून राह्यल्या. कोणं केलं सारं?"

"मी," कमल म्हणाली.

"शेक, पेज, सारं?"

"हो. आन आईच्या शिव्या भी मीच खाल्ल्या."

इहीनबाई पहिल्यांदा हसल्या. टोपडं त्यांनी कमलच्या हातात ठेवलं. "हे तुह्यापाशी ठेव, बाई. माह्या घरी दुखणं काढणारं माणूस पाहिजे. लेकराचं पुढं पाहू."

लग्न झालं. आणि पुढं पाहायची वेळही आली. कमल पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली, शेवंताच्या हातावर सुखरूप मोकळी झाली. तीच बाज, तीच शेगडी, तोच ओवा, तोच बाळंतशेपा. धूर कवेलूंतून निघून साऱ्या वस्तीत फिरून आला. मी लाडूंचा डबा भरून वाट पाहत बसले, आता बायका येतील लेकरू पाहायला. कोणी फिरकेना. शेवंता सांगत फिरली तर म्हणे लोक तिलाच हसले. गेल्या वेळी तूच सांगत होती म्हणाले.

शेवटी मीच नातवाला दुपट्यात गुंडाळून अंगणात गेले. अंजना पलीकडे भांडी घासत होती. तिनं मला पाहिलं, दुपटं पाहिलं, हात पुसले.

"काहून व बाई," ती काळजीनं म्हणाली, "पुन्हा उगवली का?"

"डोळे फुटले का तुहे? नातू आहे माहा."

ती जवळ आली, पण पुरती नाही. वाकून पाहिलं.

"आधी उलगडून दाखव," म्हणाली.